गुडघ्यातील चुंबळ

रोहे किंवा पेण तालुक्यातल्या एखाद्या गावात हिवाळ्याच्या दिवसांत कबड्डीचे सामने भरले आहेत, असे क्षणभर डोळ्यांपुढे आणा. दिव्यांच्या उजेडात मैदान फुलले आहे. चढाईला गेलेला विशीतला पोरगा निदानरेषा ओलांडून परत वळतो. पाऊल मातीत घट्ट रोवलेले, गुडघा किंचित वाकलेला आणि वरचे सारे अंग मध्यरेषेकडे फिरलेले. नेमक्या त्याच क्षणी कोपऱ्यातला खेळाडू येऊन धडकतो. गुडघ्यात काहीतरी 'कट्' झाल्यासारखे वाटते. पोरगा उठतो, लंगडत बाहेर येतो, आणि 'काही नाही, लचकला थोडा' असे म्हणून चार मिनिटांनी पुन्हा मैदानात उतरूही पाहतो. सकाळी पाहावे तर गुडघा सुजलेला, आणि पाय काही केल्या सरळ होत नाही!

आता दुसरे चित्र पाहा. पेणच्या खारेपाटात भाताची लावणी चालली आहे. पन्नाशी उलटलेली एक बाई दिवसभर चिखलात वाकून रोपे लावते आणि संध्याकाळी घरी येऊन उकिडवी बसून भांडी घासते. उठताना गुडघ्यात कळ येते. ना कोणी धडकले, ना ती पडली. पण त्या दिवसापासून जिना उतरताना गुडघा कुरकुर करू लागतो.

ह्या दोघांच्या गुडघ्यांत बिघडले ते एकाच वस्तूचे. पण उपाय मात्र दोघांना एकच लागू पडत नाही. हे कळायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ दोनशे वर्षे लागली, आणि मधल्या काळात मोठमोठ्या शल्यवैद्यांच्या हातून एक मोठी चूकही झाली. ती चूक कशी घडली आणि कशी सुधारली, हाच आजचा आपला विषय आहे. मी इतिहासाचा अध्यापक, वैद्य नव्हे. तथापि चुकांचा इतिहास सांगणे हे आमच्या शास्त्राचेच काम आहे.

प्रथम ती वस्तू कोणती, ते समजून घेऊ. डोक्यावर पाण्याची घागर घेताना बायका खाली चुंबळ ठेवतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. घागरीचा तळ गोल. तो डोक्यावर नुसता ठेवला तर सगळा भार एका टिचभर जागेवर येतो आणि घागर डळमळते ती निराळीच. चुंबळ ठेवली की भार वाटला जातो आणि घागर जागच्या जागी बसते. आपल्या गुडघ्यातही अगदी हीच रचना आहे. मांडीच्या हाडाची खालची टोके गोल आहेत आणि नडगीच्या हाडाचा माथा जवळपास सपाट. ह्या गोल आणि सपाटाच्या मध्ये, आतल्या बाजूस एक आणि बाहेरच्या बाजूस एक, अशा चिवट कुर्चेच्या दोन चुंबळी निसर्गाने बसविल्या आहेत. त्या पूर्ण वाटोळ्या नाहीत, चंद्रकोरीसारख्या आहेत. बाहेरची कड जाड, आतली कड पातळ. डॉक्टर तिला मेनिस्कस म्हणतात, लोक नुसते 'गादी' म्हणतात. पाय सरळ असता गुडघ्याच्या त्या त्या बाजूवर येणाऱ्या भारापैकी सुमारे निम्मा भार ह्या चंद्रकोरी पेलतात, आणि गुडघा काटकोनात वाकला म्हणजे सुमारे ८५ टक्के. आतल्या बाजूची चंद्रकोर शेजारच्या बंधाला घट्ट चिकटलेली असते. ती फारशी सरकू शकत नाही, म्हणून बहुधा तीच अधिक फाटते.

आपल्याकडे सुश्रुताने शरीरातील एकशेसात मर्मे सांगितली, त्यांत 'जानु' हे एक आहे. मांडी आणि पोटरी जिथे मिळतात तिथे ते असते, आणि त्याला इजा झाली तर माणूस लंगडा होतो, असे तो सांगतो. कुर्चेलाही त्याने 'तरुणास्थि' असे सुंदर नाव दिले. पण तिची उदाहरणे देताना तो नाक, कान, मान अशी स्थाने सांगतो. गुडघ्यातल्या चंद्रकोरी त्याने वर्णिल्या, असे ओढूनताणून म्हणण्यात अर्थ नाही. गुडघ्याची इजा माणसाला कायमचा लंगडा करू शकते हे त्याने ओळखले, एवढे श्रेय त्याला निःसंशय द्यावे.

पुढची हकीकत इंग्लंडातील लीड्स शहरची. तिथे विल्यम हे नावाचे एक शल्यवैद्य होते. १८०३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी अडकलेल्या गुडघ्याचे वर्णन केले आणि त्या विकाराला एक नाव दिले. त्याचा मराठीत अर्थ सांगायचा तर 'गुडघ्याची आतली घडी विस्कटणे'. त्यांचा उपाय सोपा होता. रोग्याला उंच आसनावर बसवायचे, पाय हळूहळू लांब करायचा आणि मग एकदम पूर्ण वाकवायचा. पुष्कळदा अडकलेला गुडघा सुटे आणि रोगी चालत घरी जाई. आपल्याकडचे हाडवैद्य असाच झटका देतात आणि कधीकधी रोग्याला लगेच आराम पडतो, तो काही जादूने नव्हे. फाटलेली गादी हाडांच्या मधून निसटून जागेवर जाते, इतकेच. पण जागेवर गेली म्हणजे शिवली गेली, असे नव्हे. ती पुन्हा अडकते, आणि जोराच्या झटक्याने फाट वाढण्याची भीतीही असते.

मग हे यांनी गुडघा उघडून ती शिवली का नाही? कारण त्या काळी सांधा उघडणे म्हणजे मृत्यूला बोलावणे होते. जखम चिघळे, पाय कापावा लागे, नाहीतर माणूस दगावे. १८६७ साली जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धती जगापुढे मांडली, तेव्हा कुठे शल्यवैद्यांना सांध्याला हात घालण्याचे धैर्य झाले. एडिंबरो येथे लिस्टर यांच्याच जागेवर पुढे टॉमस अॅनंडेल आले. १८८३ साली त्यांनी एका खाणकामगाराचा गुडघा उघडला, सुटलेली गादी टाके घालून जागच्या जागी बांधली, आणि तो मनुष्य पुन्हा कामाला लागला. ध्यानात घ्या, गादीवरची ही पहिली प्रसिद्ध शस्त्रक्रिया काढून टाकण्याची नव्हती, शिवण्याची होती! आरंभ तर योग्य झाला होता. पण पुढे वाट चुकली.

ती चुकली कशी? १८९७ साली इंग्लंडातील जॉन ब्लंड-सटन ह्या नामवंत शल्यवैद्यांनी असे मत मांडले की, ह्या चंद्रकोरी म्हणजे पायाच्या एका जुन्या स्नायूचे उरलेले, काहीही काम नसलेले अवशेष आहेत. निरनिराळ्या प्राण्यांच्या शरीरांची तुलना करून त्यांनी हा निष्कर्ष काढला होता. मनुष्य विद्वान होता, आणि त्यांचे म्हणणे पुढच्या पिढ्यांना पटले. बिनकामाची वस्तू फाटली तर ती ठेवायची कशाला? झाले! फाटकी गादी समूळ काढून टाकणे, हाच पुढे सत्तर-ऐंशी वर्षे शिरस्ता पडला. लिव्हरपूलचे मॅकमरे हे ह्या विषयातले मोठे अधिकारी. पाय वाकवून, पिळून गादी तपासण्याची त्यांची रीत आजही डॉक्टर वापरतात. तेही गादी अर्धवट न काढता सबंध काढावी, ह्याच मताचे होते.

आता इथे शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी थोडे थांबून विचार करावा. इतके हुशार लोक इतकी वर्षे चुकले कसे? दोन कारणे मला दिसतात. पहिले असे की, त्यांना ती वस्तू नीट दिसतच नव्हती. १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधून काढले खरे, पण त्या छायाचित्रात हाडे दिसतात, गादी दिसत नाही. म्हणून आजही 'एक्स-रे चांगला आला' म्हणजे गादी शाबूत आहे, असे समजू नये. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. गादी काढल्यावर रोगी बरा होई! महिना-दोन महिन्यांत गुडघा अडकणे थांबे, माणूस खेळू लागे, खाणीत उतरू लागे. डॉक्टर खूष, रोगी खूष. चुंबळ काढून घेतली तरी घागर डोक्यावर राहतेच की! बाई चार पावले चालतेही. टाळू दुखू लागते ती वाटेत. इथे ती वाट दहा-पंधरा वर्षांची होती, आणि तोवर रोगी डॉक्टरांच्या नजरेआड झालेला असे.

त्या वाटेवर मागे जाऊन पाहणारा कोणीतरी हवा होता. १९३६ साली डॉन किंग यांनी कुत्र्यांच्या गुडघ्यांवर प्रयोग केले. त्यांना दिसले की, गादी काढली की हाडांवरचा गुळगुळीत थर झिजतो. आणखी एक गोष्ट दिसली. फाट जर बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचलेली असेल तर ती भरून येऊ शकते. आतल्या पातळ भागात असेल तर भरत नाही. १९४८ साली फेअरबँक यांनी गादी काढलेल्या १०७ गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे तपासली. कोणाची शस्त्रक्रिया तीन महिन्यांपूर्वी झालेली, तर कोणाची चौदा वर्षांपूर्वी. अनेकांच्या सांध्यातली मोकळी जागा आकसलेली होती, मांडीच्या हाडाचा गोल भाग चपटलेला होता, आणि हाडाला कंगोरा फुटला होता. फेअरबँक यांनी मोठा गाजावाजा केला नाही. गादी भार पेलते आणि ती काढली की तो भार हाडावर येतो, इतकेच त्यांनी सुचविले. पण 'बिनकामाचा अवशेष' ह्या मताला त्या दिवशी तडा गेला. अर्थात तडा गेला म्हणून भिंत लगेच पडत नाही. शस्त्रक्रियेची जुनी पद्धत त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालू राहिली.

ती पद्धत बदलायला आणखी एक साधन लागले, आणि ते आले पूर्वेकडून, जपानमधून. जपानी लोकही आपल्यासारखेच जमिनीवर बसणारे. त्या काळी तिथे गुडघ्याचा क्षय फार होता, आणि गुडघा आखडला की माणसाला चारचौघांत रीतीप्रमाणे बसताच येत नसे. म्हणून रोग लवकर कळावा ह्या हेतूने टोकियोचे केंजी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय तपासण्याची नळी एका मृत व्यक्तीच्या गुडघ्यात घालून आत डोकावून पाहिले. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी ही दुर्बीण सुधारली आणि ४ मे १९६२ रोजी, बास्केटबॉल खेळताना गुडघा पिळवटलेल्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या गादीचा नेमका फाटका तुकडा दुर्बिणीतून काढला. बाकीची गादी तशीच राखली. १९६९ साली हिरोशी इकेउची यांनी दुर्बिणीतून गादी शिवून दाखविली. टोरंटोचे रॉबर्ट जॅक्सन टोकियोला जाऊन ही विद्या शिकून आले आणि तिचा प्रसार पाश्चात्त्य देशांत झाला. आज आपल्या मुंबई-पुण्याकडे 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हणतात, ते हेच.

मग १९८२ साली अरनॉक्झकी आणि वॉरन यांनी गादीला रक्त कुठून मिळते, ह्याचा बारकाईने शोध घेतला. प्रौढ माणसाच्या गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला, सुमारे पाव भागापर्यंत, रक्तवाहिन्या पोहोचतात. आतला भाग कोरडा. कालव्यालगतच्या वाफ्याला पाणी मिळते आणि दूरचा वाफा तहानलेला राहतो, तसेच हे. किंग यांना १९३६ साली कुत्र्यांत जे दिसले होते, त्याचे कारण इथे उलगडले. जिथे रक्त आहे, तिथली फाट शिवली तर सांधते.

एवढ्याने कथा संपावयास हरकत नव्हती. पण माणसाचा स्वभाव असा की, नवे अवजार हाती आले म्हणजे ते जिथेतिथे चालवावेसे वाटते. दुर्बीण आली, पाठोपाठ एम.आर.आय. आले आणि गादीची फाट चित्रात स्वच्छ दिसू लागली. दिसली फाट की काप, असे होऊ लागले. अशा वेळी २००८ साली अमेरिकेतील एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फ्रेमिंगहॅम गावच्या ५० ते ९० वर्षे वयाच्या ९९१ लोकांचे गुडघे एम.आर.आय.ने पाहिले गेले. ज्यांच्या गादीला फाट आढळली, त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीही त्रास नव्हता! म्हणजे वयाबरोबर जसे केस पिकतात, तशी गादीही विरते.

२०१३ साली फिनलंडमधल्या डॉक्टरांनी तर फार धाडसाची परीक्षा घेतली. झिजून गादी फाटलेले, ३५ ते ६५ वयाचे १४६ रोगी त्यांनी घेतले. हे सगळे आपण होऊन ह्या परीक्षेला तयार झाले होते. सर्वांच्या गुडघ्यांत दुर्बीण घालून पाहिले, पण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून एका गटाचाच फाटका भाग कापला. दुसऱ्या गटाची नुसती बतावणी केली. आपल्याला काय केले, हे कोणाला सांगितले नाही. वर्षाने पाहिले तर दोन्ही गट सारखेच सुधारलेले! ज्यांचे काही कापले नव्हते, तेही तितकेच बरे. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार होता. नुसत्या झिजेच्या गुडघ्यात दुर्बीण घालू नये, असा सल्ला २०१७ साली तज्ज्ञांच्या एका मंडळाने ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात दिला.

आता सुरुवातीच्या दोन माणसांकडे वळू. कबड्डी खेळणाऱ्या त्या पोराची गादी ताजी आहे आणि झटक्याने फाटली आहे. त्याचा गुडघा अडकला आहे, सरळ होत नाही. ह्याला तेल चोळून, शेकून, पाय ओढून काही साधणार नाही. त्याला लवकर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखविले पाहिजे. गादी शिवण्याजोगी असेल तर ती शिवावी, आणि नाइलाज असेल तेवढाच तुकडा काढावा. 'सबंध काढून टाका आणि मोकळे करा,' असे घरच्यांनी म्हणू नये. शिवल्यावर खेळायला चार ते सहा महिने लागतात, उकिडवे बसणे पुष्कळ दिवस बंद ठेवावे लागते. काढून टाकली तर पोरगा लवकर मैदानात उतरेल, पण चाळिशीत जिना चढताना कण्हेल. गावातली स्पर्धा पुढच्या वर्षी पुन्हा भरणारच आहे.

लावणी करणाऱ्या बाईचे तसे नाही. तिच्या एम.आर.आय.मध्ये फाट दिसली तरी घाबरून जाऊन दागिने गहाण टाकण्याची घाई नको. तिला पहिला उपाय व्यायामाचा. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि मांडीचा स्नायू ताठ करून गुंडाळी खाली दाबावी. दहा अंक मोजेपर्यंत धरावे, मग सोडावे. उताणे निजून सरळ पाय वीतभर उचलावा. असे रोज, निदान तीन महिने. वजन जास्त असेल तर ते कमी करावे, आणि भांडी घासताना पाटाऐवजी उंच स्टूल घ्यावे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतून तासन् तास जमिनीवर बसून काम करणाऱ्या कारागिरांनीही मधूनमधून उठून पाय मोकळे करावेत. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा ताण हलका होतो. ह्याला पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. उकिडवे बसून उठताना किंवा पायरी उतरताना गुडघ्याच्या मागच्या बाजूस एकदम 'कट्' आवाज होऊन तीव्र कळ आली, तर गादीचे मूळच हाडापासून सुटलेले असण्याचा संभव असतो. जमिनीवर बसणाऱ्या समाजात, विशेषतः मध्यम वयाच्या स्त्रियांत, हे आढळते. खुंटीवरून सुटलेली दोरी जशी ताण धरत नाही, तशी ती गादी जागेवर असून नसल्यासारखी होते. अशा वेळी 'वयाची झीज' म्हणून घरी बसू नये. वेळेवर दाखविले तर हे मूळ पुन्हा बांधता येते.

शाळेच्या मैदानावर मुलाचा गुडघा पिळवटला तर शिक्षकांनी काय करावे? खेळ तत्काळ थांबवावा. 'उठ, काही झाले नाही,' असे म्हणू नये. फडक्यात गुंडाळून बर्फ लावावा, पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा. चोळू नये, ओढू नये. सूज तासा-दोन तासांत भरभर चढली तर आत रक्तस्राव झालेला असू शकतो, म्हणजे बंध तुटला असेल किंवा हाडाला इजा झाली असेल. गादीची सूज बहुधा सावकाश, दुसऱ्या दिवसापर्यंत येते. सूज भरभर चढली, पायावर भार टाकता येईना किंवा पाय सरळ होईना, तर जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. तिथून गरजेप्रमाणे अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात किंवा मुंबईस पाठवितात.

वाचकहो, ह्या साऱ्या हकीकतीतून एक गोष्ट घ्यावी. एखाद्या वस्तूचा उपयोग आपल्याला दिसत नाही, ह्याचा अर्थ तिला उपयोग नाही, असा होत नाही. १८९७ साली एका विद्वानाने ही गल्लत केली आणि तिची किंमत हजारो लोकांनी आपल्या म्हातारपणात मोजली. ती चूक कोणा मोठ्या वादविवादाने सुधारली नाही. बरे होऊन घरी गेलेल्या रोग्यांना पुन्हा बोलावून, 'आता कसे आहे?' असे विचारणाऱ्या माणसांनी ती सुधारली. हा प्रश्न डॉक्टरांनीच विचारावा असे नाही. गावात कोणाची शस्त्रक्रिया झाली असेल तर पाच वर्षांनी तुम्हीही त्याला विचारा, आणि तो काय सांगतो ते ऐकून घ्या. पुढच्या पोराला सल्ला देताना ते उपयोगी पडेल.